‘फरक नाही’ म्हणजे ‘सारखंच’ नव्हे: तुरुंगातल्या संगणक-उपचारावरचा एक पेपर

सुट्टीत धामापूरला घरी आले की आत्याचा प्रश्न ठरलेला, "तुझ्या ह्या अभ्यासाचो गावाक काय उपयोग?" या वेळी मी तो प्रश्न डोक्यात ठेवून एक पेपर पुन्हा वाचला. समजा, सावंतवाडीच्या तुरुंगात व्यसन सोडवायला समुपदेशकाऐवजी संगणक ठेवला, तर चालेल का?

पेपर मायकेल चॅपल आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा. अमेरिकेतल्या ४ राज्यांतले १० तुरुंग, व्यसनाची समस्या असलेले ४९४ स्त्री-पुरुष कैदी. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. २४९ जणांना संगणकावरचे धडे, २४५ जणांना तिथले नेहमीचे उपचार. निष्कर्ष असा: हजेरी दोन्हीकडे सारखीच, मोहाला तोंड देण्याच्या कौशल्यांत वाढही सारखीच, आणि संगणक लोकांना जास्त आवडला.

वाचून बरं वाटतं ना? आता पेन्सिल घ्या.

पहिलं, काय मोजलंय ते बघा. हजेरी, कौशल्यं, समाधान. सुटल्यानंतर माणूस पुन्हा प्यायला का, हे या निष्कर्षात नाही. तुरुंगात हजेरी लागणं यात मोठं नवल नाही. खरी परीक्षा गेटच्या बाहेर, पहिल्या बारपाशी.

दुसरं, आणि इथे बरेच जण फसतात. दोन गटांत फरक दिसला नाही, म्हणून ते समान ठरत नाहीत. समानता सिद्ध करायची तर ‘किती फरक चालेल’ ही मर्यादा आधी ठरवावी लागते आणि नमुना त्या हिशोबाने घ्यावा लागतो. शिवाय काहीच उपचार नसलेला तिसरा गट इथे नाही. म्हणजे दोन्ही उपचार सारखेच उपयोगी असतील, किंवा सारखेच निरुपयोगी.

लेखकांवर अन्याय नको. ‘तुरुंगात हे राबवता येतं’ एवढाच त्यांचा मुख्य दावा आहे आणि तो टिकतो. चूक होते ती आपण ‘हे सिद्ध झालंय’ म्हणून संदर्भ देतो तेव्हा.

आता शेजारच्या गोव्यातला अभ्यास बाजूला ठेवा. अभिजित नाडकर्णी आणि सहकारी, लॅन्सेट, २०१७. १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, घातक प्रमाणात दारू पिणारे ३७७ पुरुष. समुपदेशन केलं ते डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी. तीन महिन्यांनी पिणं आटोक्यात आलेले ३६ टक्के; फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. इथे मोजमाप थेट पिण्याचं आहे, आणि तेही माणूस घरी, दारूच्या आवाक्यात असताना. पण हाही निकाल उचलून तुरुंगात नेता येणार नाही. त्यात बायका नाहीत, कैदी नाहीत, आणि पिण्याची माहिती स्वतः सांगितलेली.

शिवाय संमतीचा प्रश्न आहेच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कैदी ‘असुरक्षित’ गटात येतात. साहेबांसमोर दिलेला होकार खरा किती?

तेव्हा प्रस्ताव लिहायच्या आधी एका ओळीत लिहा: मी काय मोजणार, कुठे, आणि सुटकेनंतर किती महिन्यांनी? ती ओळ जमत नसेल तर सॉफ्टवेअर निवडायची घाई करू नका. आत्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.