फॉर्म गप्प बसतो तेव्हा

सर्वेक्षणासाठी वेब फॉर्म बनवताय? मग आधी फ्रेमवर्क तुमच्या उत्तराचं काय करतं ते बघा. समजा, दोंडाईचा बाजारात मिरची विकल्याची तारीख शेतकऱ्याने इंग्रजी अंकांत ०३/०४/२०२४ अशी लिहिली. त्याच्या मनात ३ एप्रिल. जँगोची मूळ अमेरिकी मांडणी तशीच ठेवली, तर नोंद होते ४ मार्चची. २५/०४ लिहिलं असतं तर निदान चूक तरी दाखवली असती!

दिवस १२ किंवा त्याखाली असला की हा घोळ होतो. १४४ मधल्या १२ तारखा उलटूनही त्याच राहतात, म्हणजे वर्षाला १३२ तारखा गुपचूप बदलतात. पडताळणी रूपांतरानंतर होते, त्यामुळे तिलाही पत्ता लागत नाही.

जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट तर १,२५,००० मधला पहिला स्वल्पविराम दिसताच थांबतं. सव्वा लाखाचा एक रुपया!

जँगोत टू-पायथन लिहून स्वतःचं रूपांतर करता येतं, ही सोय चांगलीच आहे. माझा आक्षेप शंका असतानाही गप्प राहण्यावर आहे. म्हणून तारखेचे नमुने स्वतः ठरवा आणि मूळ उत्तर वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं ठेवा. प्रबंधात उलटलेली तारीख नंतर सापडली, तर दुरुस्तीला तोच एक पुरावा उरतो.