धान्यकोठारात धान्य सापडलं का?

मंडळी, बऱ्याच वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात हडप्पा संस्कृती शिकवताना एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, त्या धान्यकोठारात धान्य सापडलं का?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं लिही." आजची माझी टीका पहिल्यांदा त्या उत्तरावर आहे.

आता बघा, मोहेंजोदडोच्या त्या इमारतीला धान्यकोठार म्हटलं ते मॉर्टिमर व्हीलर यांनी, १९५० च्या उत्खननानंतर. विटांचे मोठमोठे ओटे, मधून हवा खेळायला अरुंद वाटा, त्यावरून केलेला तो तर्क. धान्याचा ठोस पुरावा काही तिथे मिळाला नाही, आणि पुढे अनेक अभ्यासकांनी ते नाव नाकारलं. म्हणजे त्या मुलीची शंका अभ्यासकांचीच शंका होती!

तीच गोष्ट 'पुरोहित-राजा'ची. साडेसतरा सेंटिमीटरचा, तुटलेला दगडी पुतळा. तो पुरोहित होता की राजा, हे सांगणारा पुरावा नाही. लिपी अजून उलगडलेली नाही. तरी परीक्षेत ते नाव हेच उत्तर. उत्खनन करणाऱ्याचा तर्क मुलाच्या वहीत सत्य म्हणून उतरतो, तो असा.

कोणी म्हणेल, अकरा वर्षांच्या पोरांना 'कदाचित' झेपत नाही हो. मला हे पटत नाही. हडप्पाकालीन वीट घ्या. जाडी, रुंदी, लांबी यांचं प्रमाण १:२:४. मुलांना आवारातली एखादी वीट पट्टीनं मोजू द्या, तिचं प्रमाण काढू द्या. मग सांगा, शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांत हेच १:२:४ सापडतं. ते ठरवलं कोणी? राजानं, व्यापाऱ्यांनी, की गवंड्यांनी? मुलं भांडतील. भांडू द्या, फक्त प्रत्येकाला विचारा, 'कशावरून?' मोजलेलं पक्कं आणि त्याचं कारण अजून मोकळं, हा फरक त्यांना तिथेच कळतो.

सनावळ्या नकोत असं मी म्हणत नाही. नागरी काळ इ.स.पू. २६०० ते १९००, जॉन मार्शल यांनी शोध जाहीर केला १९२४ साली, हे यायलाच हवं. पुस्तकात पानं कमी असतात, हेही मान्य. पण 'कशावरून?' या प्रश्नाला अर्धी ओळ लागते, आणि त्याला दोन मार्क ठेवता येतात.

त्या मुलीनं नंतर वर्षभर मला एकही प्रश्न विचारला नाही. ते मी विसरलेलो नाही. असो, आता तुमचे प्रश्न घेऊ या.