अश्वत्थाम्याची ‘पर्यंत’ तारीख

महाराष्ट्रातल्या तालुक्यांचे एक साधे टेबल आपण डोळ्यांसमोर आणू: कोणता तालुका, कोणत्या जिल्ह्यात, कधीपासून, कधीपर्यंत. धडगावच्या, म्हणजे अक्राणी तालुक्याच्या, ओळीत जिल्हा नंदुरबार आणि ‘पासून’खाली १ जुलै १९९८, कारण त्या दिवशी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. पण ‘पर्यंत’खाली काय लिहायचे? तालुका तर त्याच जिल्ह्यात सुखाने नांदतो आहे.

रकाना रिकामा ठेवावा, तर रिकाम्याचा अर्थ होतो ‘ठाऊक नाही’. मग आजची तारीख या मुदतीच्या आत आहे का, असे विचारताच डेटाबेसही ‘ठाऊक नाही’ म्हणतो आणि जिताजागता धडगाव यादीतून मुकाट्याने गळून पडतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी ३१ डिसेंबर ९९९९ टाकून वेळ निभावली जाते. ही तारीख मला नेहमीच थोडी केविलवाणी वाटते; अनंताचा मुखवटा घालून ती उभी असते, पण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तिच्यात एक दिवस मिळवा, लगेच १ जानेवारी १०००० उगवतो आणि मुखवटा गळतो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत तर तिच्यापुढे कालगणनाच नाही. एक दिवस पुढे सरकलात की प्रोग्राम अडतो.

पोस्टग्रेसने मात्र तारखेला खराखुरा ‘इन्फिनिटी’ दिला आहे, आणि आपण रेंगाळायचे ते इथे. त्यात एक दिवस मिळवा, एक युग मिळवा, तो तसाच राहतो. क्रम लावला की प्रत्येक तारखेच्या पुढे उभा राहतो, आणि ‘उणे इन्फिनिटी’ प्रत्येकीच्या मागे. त्याला वर्ष विचारले तर ‘इन्फिनिटी’ हे उत्तर मिळते. महिना विचारला तर काहीच नाही. किती नेमके शहाणपण आहे हे! वर्षे वाढतच जातात, त्यांना अनंताकडे जाता येते; महिने बारांत फिरत राहतात, तेव्हा अनंताचा महिना कोणता सांगणार? आणि हे सारे वैभव अवघ्या चार बाइटांत मावते: १ जानेवारी २००० पासूनचे दिवस मोजणाऱ्या पूर्णांकाचे सर्वांत मोठे मूल्य, २१४७४८३६४७, या एका अर्थासाठी राखून ठेवले आहे.

मोठी तारीख आणि अनंत यांतला हा भेद याच धडगाव तालुक्यात सातपुड्याच्या माथ्यावर भेटतो. दिवाळीच्या दिवसांत अस्तंबा शिखराची यात्रा भरते. कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा इथे फिरतो, अशी श्रद्धा आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्णाने त्याला शाप दिला तो तीन हजार वर्षे भटकण्याचा, म्हणजे व्यासांनी ‘पर्यंत’च्या रकान्यात मोठी पण मर्यादित तारीख भरली, सप्त चिरंजीवांत त्याला बसवणाऱ्या परंपरेने आणि डोंगर चढणाऱ्या भाविकांनी ती खोडून तिथे ‘इन्फिनिटी’ लिहिला. मला विचाराल तर टेबलाच्या दृष्टीने भाविकांची नोंद अधिक नेटकी.

एक लहानशी खुमारी उरली. ‘पर्यंत’चा दिवस स्वतः धरायचा नाही, हा संकेत. धुळ्याखालची धडगावची जुनी ओळ १ जुलै १९९८ला थांबते आणि नंदुरबारची त्याच दिवशी सुरू होते, तरी दोन ओळींत ना फट पडते ना त्या एकावर एक चढतात: ३० जूनला विचारा, धुळे, १ जुलैला विचारा, नंदुरबार.

अनंतातून एखादी तारीख वजा करू पाहाल तर पोस्टग्रेस साफ नकार देतो. अस्तंब्याच्या अश्वत्थाम्याचे आयुष्य मोजायचा मार्ग इथे बंद. वेळेसह नोंदवलेल्या तारखांना मात्र २०२४च्या सतराव्या आवृत्तीपासून मुभा मिळाली आहे: तिथे वजाबाकीचे उत्तर येते, अनंत कालावधी.