चंद्याचा हिशेब आणि आपले खिलाफत-लेखन

एखादे आंदोलन मोठे झाले की ‘यांना पैसा कोण पुरवतो?’ हा सवाल ठरलेलाच. शाहीनबागेत बसलेल्या स्त्रियांना (२०१९-२०) तो विचारला गेला, दिल्लीच्या सीमेवरील शेतकऱ्यांनाही (२०२०-२१) विचारला गेला. विचारणाऱ्याची नियत साफ नसते, म्हणून आपण सवालच टाळतो. खिलाफत चळवळीवरील आपल्या लेखनातही हेच झाले आहे, असे आम्हाला वाटते.

आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक उर्दू-मराठी लेखांत अली बंधूंची भाषणे येतात, गांधीजींची साथ येते, हिंदू-मुस्लिम ऐक्याचे गोडवे येतात. चळवळ चालली कशी, हे मात्र येत नाही. तारा, रेल्वेभाडे, छपाई, १९२० मध्ये युरोपला गेलेले शिष्टमंडळ, हा सारा खर्च कोणी उचलला?

१९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती उभी राहिली ती व्यापाऱ्यांच्या आधारावर. अध्यक्ष मियाँ मोहंमद हाजी जान मोहंमद छोटानी हे लाकडाचे बडे व्यापारी. पहिल्या महायुद्धात त्यांनी सरकारलाच लाकूड पुरवले होते. पण तिजोरी एकट्या शेठजींनी भरली नाही. मशिदींतून, जलशांतून चंदा जमला. चलनी नोटेसारख्या दिसणाऱ्या पावत्या छापून लोकांना दिल्या गेल्या. सत्तरी गाठलेल्या बी अम्मांनी दौरे काढले आणि बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. म्हणजे संघटना शेठजींची, पैसा मात्र मोठ्या प्रमाणावर गोरगरिबांचा.

यापुढचा भाग अवघड आहे. तुर्कस्तानसाठी जमलेल्या निधीपैकी सुमारे १६ लाख रुपये छोटानींच्या धंद्यात गुंतल्याचे चौकशीत उघड झाले. भरपाई म्हणून त्यांनी आपल्या लाकूड कापण्याच्या गिरण्या समितीच्या हवाली केल्या. गेल मिनॉल्ट या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात चळवळीची ही बाजूही मांडली आहे. आपल्या गौरवलेखांत तिला जागा नाही. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली, म्हणून चळवळ संपली, एवढेच आपण लिहितो. लोकांचा विश्वास त्याआधीच खचू लागला होता, हे सांगत नाही.

काही जण म्हणतील, आपलीच बदनामी आपण का करावी? आमचे म्हणणे उलट आहे. चंदा ही अमानत असते. तिचा हिशेब झाकला, तर दागिने देणारी बाईही त्याच अंधारात झाकली जाते, आणि विरोधकाच्या आरोपाला आपल्याकडे पुरावा उरत नाही. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून ईद-ए-मिलादचा जुलूस निघतो, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. त्या नावामागे कोणाकोणाचे रुपये होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. आपल्या लेखकांनी आता मशिदींच्या जुन्या वह्या, घरातल्या पेट्यांतल्या पावत्या आणि त्या काळची उर्दू वर्तमानपत्रे उघडावीत. नेत्यांची चरित्रे पुष्कळ झाली. आता चंदा देणाऱ्यांचा इतिहास लिहिला जावा.