धूर दाखवा: शोधनिबंध आणि त्यामागचा डेटा

आजचा विषय वरवर पाहता ग्रंथपालांचा किंवा संगणकवाल्यांचा वाटेल. शोधनिबंधामागचा डेटा, ज्याला आपण विदा असंही म्हणतो, जर्नलांनी खुला करायला लावावा का, आणि लावायचा तर कसा? तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. माझं म्हणणं असं की हा प्रश्न मुळात प्रमाणाचा आहे, म्हणजे एखादी गोष्ट आपण कशाच्या बळावर खरी मानतो याचा आहे. जर्नलं मात्र तो सौजन्याचा प्रश्न समजून बसली आहेत. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती आज सविस्तर मांडतो.

आधी एक प्रकरण बघू. २०१२ साली अमेरिकेतल्या 'पीएनएएस' या नामांकित जर्नलात एक निबंध आला. विषय होता प्रामाणिकपणा. दावा असा, की फॉर्म भरण्याआधीच, म्हणजे वरच्या बाजूला सही घेतली, तर माणसं खरं लिहितात. खाली, शेवटी सही घेतली तर तितकं लिहीत नाहीत. आधाराला एका वाहन विमा कंपनीची माहिती होती: १३,४८८ पॉलिसी, २०,७४१ गाड्या. गाडी जास्त चालली की हप्ता वाढतो, त्यामुळे आकडा कमी सांगण्याचा मोह असतो. वर सही करणाऱ्यांनी सुमारे १० टक्के जास्त मैल नोंदवले, असं निबंधात म्हटलं होतं. कल्पना सोपी, बिनखर्चाची, सरकारी कचेऱ्यांना आवडेल अशी. पुढे तिचा बराच बोलबाला झाला.

२०२० साली त्याच लेखकांनी इतर सहकाऱ्यांसह नवे प्रयोग केले. परिणाम दिसला नाही, आणि तसं त्यांनी त्याच जर्नलात जाहीर केलं. या वेळी त्यांनी २०१२चा मूळ डेटाही खुला केला. मग काही अभ्यासकांनी ती एक्सेलची फाइल उघडली. एरवी गाड्यांचं फिरणं कसं असतं? बहुतेक गाड्या मध्यम फिरतात, थोड्या फार कमी, थोड्या फार जास्त. इथे शून्यापासून ५० हजार मैलांपर्यंत प्रत्येक टप्प्यावर जवळजवळ सारख्याच गाड्या, आणि ५० हजारांनंतर एकदम काहीच नाही! शिवाय माणूस हाताने आकडा लिहितो तेव्हा तो बऱ्याचदा पूर्ण हजारात लिहितो. पहिल्या नोंदींत ती खूण होती, दुसऱ्या नोंदींत तिचा मागमूस नव्हता. पहिल्या नोंदीसुद्धा अर्ध्या एका फाँटमध्ये, अर्ध्या दुसऱ्या. २०२१च्या ऑगस्टमध्ये हे सगळं जाहीर झालं, सप्टेंबरमध्ये निबंध मागे घेतला गेला.

प्रामाणिकपणावरच्या निबंधात बनावट आकडे, हा विनोद बाजूला ठेवू. ते कोणी बनवले, हाही आपला आजचा प्रश्न नाही. मला खटकतं ते वेगळंच. ही फाइल वाचायला कुठलीही प्रयोगशाळा लागत नव्हती. आलेख काढता येणारा, थोडी शंका बाळगणारा माणूस पुरे होता. तरी ९ वर्षं गेली. का? कारण वाचायला फाइलच नव्हती. समीक्षकांनी वाचला तो निबंध, आणि निबंधात होत्या सरासऱ्या. सरासरीत खोट दिसत नाही.

दुसरं प्रकरण तुमच्या आठवणीतलं असेल. करोनाच्या पहिल्या लाटेत, २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्याने रुग्णांचे मृत्यू जास्त होतात. ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग अभ्यासकांनी विचारलं, ही रुग्णालयं कोणती? डेटा एका खाजगी कंपनीकडे होता. स्वतंत्र तपासनिसांना तो पूर्ण द्यायला कंपनीने नकार दिला, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. आता नीट ऐका. ते औषध करोनावर उपयोगी नाही, हे पुढे इतर चाचण्यांनी दाखवलंच. पण म्हणून हा निबंध बरोबर ठरत नाही. निष्कर्ष जुळला, तरी ज्याला आधार नाही ते ज्ञान नव्हे.

इथे मी आपल्या नैयायिकांकडे येतो. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनी वाचला असेल त्यांना अनुमानाचे दोन प्रकार आठवतील: स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. डोंगरावर धूर बघून तिथे आग आहे असं मी मनाशी ठरवलं, ते स्वार्थ, स्वतःपुरतं. पण तेच मला दुसऱ्याला पटवायचं असेल तर पाच पायऱ्या चढाव्या लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आग आहे ही प्रतिज्ञा. धूर आहे म्हणून, हा हेतू. आणि तो हेतूच जर सिद्ध नसेल, डोंगरावर धूर आहे की धुकं हेच ठरलेलं नसेल, तर पुढचा डोलारा कितीही देखणा असो, तो हेत्वाभास. 'असिद्ध' असं त्याला नावही आहे.

शोधनिबंध हे परार्थानुमान आहे. छापणं म्हणजेच दुसऱ्याला पटवणं. त्यातला डेटा हा हेतू आहे, धूर आहे. आणि आपली जर्नलं काय छापतात? निबंधाच्या शेवटी एक ओळ: वाजवी विनंती केल्यास डेटा उपलब्ध होईल. म्हणजे, डोंगरावर आग आहे हो, धूर विनंती केल्यास दाखवू! ही विनंती किती फळते, हेही तपासून झालंय. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डेटा देण्याची तयारी लेखी दर्शवणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना तो मागितला गेला. प्रत्यक्ष मिळाला १२२ जणांकडून. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला. हे सगळे लबाड असतात का? मुळीच नाही. विद्यार्थी सोडून जातो, संगणक बदलतो, पत्ता बदलतो. म्हणूनच राखण लेखकाच्या कपाटावर सोडता येत नाही. आणि राखण नाही, तर उरतं काय? शब्दप्रमाण. अमक्या जर्नलाने छापलं, म्हणून खरं. वेदप्रामाण्य नाकारणाऱ्या आधुनिकांनी जर्नलप्रामाण्य मात्र निमूट स्वीकारलं.

कोणी म्हणेल, खुल्या डेटाने फक्त चोर पकडले जातात. तसं नाही, त्याने वाद नीट होतात. आपल्याकडचंच बघा. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. त्या सुमारास मिन्हास म्हणत होते की ग्रामीण दारिद्र्याचं प्रमाण घटलं, बर्धन म्हणत होते वाढलं. मतं परस्परविरुद्ध, पण राष्ट्रीय नमुना पाहणीचे खर्चाचे तक्ते सगळ्यांसमोर. त्यामुळे भांडण नेमकं झालं: महागाई कोणत्या निर्देशांकाने मोजायची, रेषा कुठे ओढायची. 'तुझा आकडा खोटा' असं म्हणून कुणाला उठून जाता आलं नाही. याला मी वाद म्हणतो. धूर न दाखवता चालतो तो नुसता जल्प.

आता आक्षेप, आणि ते हलके नाहीत. पहिला, रुग्णांच्या गोपनीयतेचा. नाव खोडलं म्हणजे माणूस लपतो असं नाही. लहान गावातली अमुक वयाची, अमुक आजाराची बाई गावाला लगेच ओळखू येते. तिच्या संमतीशिवाय तिचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचा अधिकार कुणालाच नाही. मान्य. पण त्यातून निघतं एवढंच, की असा डेटा विश्वस्त संस्थेकडे ठेवावा आणि ठरलेल्या नियमांनी तपासणाऱ्याला दाखवावा. कुलूप असू द्या, किल्ली फक्त लेखकाच्या खिशात नको.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. उन्हातान्हात फिरून माहिती गोळा करायची मेळघाटातल्या कार्यकर्त्याने, आणि वातानुकूलित खोलीत बसून तिच्यावर निबंध लिहायचा भलत्याने? ही भीती खरी आहे. पण तिचं उत्तर लपवाछपवी नाही, श्रेय हे आहे. डेटासंच हे स्वतंत्र प्रकाशन माना. त्याला स्वतःचा कायमचा क्रमांक द्या, गोळा करणाऱ्यांची नावं द्या, वापरणाऱ्याला त्याचा उल्लेख सक्तीचा करा, आणि नेमणुका-बढत्यांत तो मोजा. आज आपण निबंध मोजतो, म्हणून डेटा दडतो.

आपल्या सरकारने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेखाली ३ वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं आपल्या विद्यार्थ्यांना वाचायला मिळावीत म्हणून. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला ती उघडता येत असतील तर मला आनंदच आहे. पण एवढे पैसे मोजणारा गिऱ्हाईक लहान नसतो. त्याने विचारायला हवं होतं की आम्ही निगमनं विकत घेतोय, हेतू कुठे आहेत?

जर्नलांकडे माझं मागणं मोठं नाही. निबंध स्वीकारण्याआधी डेटा विश्वासू भांडारात जमा झालेला असावा. प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहिलेला असावा, कारण अर्थाशिवायचा तक्ता हाही धुकंच. समीक्षकांपैकी निदान एकाने तो उघडून बघावा. ज्यांना डेटा देता येत नाही त्यांनी कारण छापावं, आणि ते कारण तपासलं जावं. यासाठी वेळ लागेल, पैसा लागेल, निबंध कमी छापले जातील. कमी छापले गेले तर बिघडलं काय?

आता तुमचे प्रश्न घेऊ.