रचना आणि डागडुजी : 'माइनक्राफ्ट' या संगणकीय खेळाचा चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : संगणकीय खेळ, रचना, डागडुजी, श्रम, काळ, देवगिरी, नहर-ए-अंबरी

प्रस्तावना :

साहित्य, नाटक आणि चित्रपट या कलाप्रकारांची चिकित्सा करण्याची परंपरा मराठी समीक्षेत दृढमूल आहे. संगणकीय खेळाकडे मात्र आपण अद्याप करमणुकीचे साधन किंवा व्यसन या दोनच दृष्टींनी पाहतो. आपल्या वर्गातील विद्यार्थी ज्या कृतीत तासन्तास रमतात, त्या कृतीमागे जगाविषयीची काही धारणा आहे काय, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. योहान हुइझिंगा यांनी 1938 मध्ये 'होमो लुडेन्स' या ग्रंथातून खेळ हा संस्कृतीचा पाया असल्याचे प्रतिपादन केले. पुढे इयन बोगोस्ट यांनी 2007 मध्ये असे दाखविले की, संगणकीय खेळ आपला युक्तिवाद शब्दांतून नव्हे, तर नियमांतून मांडतो. खेळात काय करता येते, कशाची किंमत मोजावी लागते आणि काय फुकट मिळते, यातून तो बोलतो. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने 'माइनक्राफ्ट' या खेळातील रचना आणि तिची देखभाल यांचा विचार केला आहे. या खेळाने रचनेला प्रतिष्ठा दिली. परंतु डागडुजीला रचनेपासून तोडले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

खेळाचे स्वरूप :

मार्कुस पेर्सन यांनी तयार केलेला हा खेळ मे 2009 मध्ये प्रथम लोकांसमोर आला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनविणारी 'मोजांग' ही स्वीडिश कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. 2023 पर्यंत त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. खेळाचे सूत्र साधे आहे. घनाकृती ठोकळ्यांनी बनलेल्या अफाट जगात खेळाडू एकटा उभा असतो. झाड तोडावे, लाकडाची हत्यारे करावीत, दगड फोडावा, लोखंड खणावे आणि निवारा उभारावा. येथील दिवस-रात्र मिळून वीस मिनिटांची असते. अंधारात हिंस्र प्राणी निर्माण होतात. 'क्रीपर' नावाचा एक प्राणी निःशब्दपणे जवळ येतो आणि स्वतःचा स्फोट करून भिंतीला भगदाड पाडतो. भूक लागते, मरण येते. म्हणूनच या प्रकाराला तगून राहण्याचा खेळ म्हणतात. मात्र खेळाडू अल्पावधीतच तगून राहण्याच्या पलीकडे जातो आणि वाडे, पूल, किल्ले, स्वयंचलित शेते उभारू लागतो. या खेळाचे खरे आकर्षण तेथे सुरू होते.

न झिजणारी भिंत :

या जगात काय झिजते आणि काय झिजत नाही, याची यादी केली असता एक विलक्षण विभागणी दिसते. हत्यारे झिजतात, लोखंडी कुदळ 250 ठोकळे फोडल्यावर मोडते. शरीर झिजते, कारण भूक लागते. परंतु भिंत झिजत नाही. पावसाने ती ओलावत नाही, उन्हाने तडकत नाही. भिंतीवर एकदा लावलेली मशाल कधीच विझत नाही. वाळू आणि खडी यांसारखे मोजके पदार्थ सोडले, तर ठोकळ्यांना गुरुत्वाकर्षणही लागू नाही. झाडाचा बुंधा तोडला तरी वरचे खोड अधांतरी उभे राहते.

हॅना आरेंट यांनी 'द ह्यूमन कंडिशन' (1958) या ग्रंथात श्रम आणि निर्मिती यांत भेद केला आहे. स्वयंपाक, झाडलोट यांसारखे श्रम पुन्हा पुन्हा करावे लागतात आणि त्यांची खूण मागे उरत नाही. निर्मितीतून मात्र टिकाऊ वस्तूंचे जग उभे राहते. तथापि हे टिकाऊ जगही निसर्गाच्या झिजेपासून रोजच्या कंटाळवाण्या श्रमांनीच राखावे लागते, हेही आरेंट यांनी नोंदविले आहे. 'माइनक्राफ्ट'ने या विचाराचा पहिला अर्धा भाग स्वीकारला आणि दुसरा वगळला. शरीर आणि हत्यार यांच्या वाट्याला श्रम आले. वास्तू मात्र जन्मतःच अमर झाली.

थांबलेला काळ :

याहून महत्त्वाची बाब काळाची आहे. हे जग सोळा बाय सोळा ठोकळ्यांच्या तुकड्यांत विभागलेले असते आणि साधारणपणे खेळाडूच्या आसपासचे तुकडेच जागे असतात. खेळाडू दूर गेला की मागचे पीक वाढायचे थांबते, गुरे जागच्या जागी गोठतात. एकट्याने खेळताना खेळ बंद केला की संपूर्ण जग थांबते. याचा अर्थ असा की, येथे दुर्लक्षाला शिक्षा नाही. पाठ फिरवली की काळच थांबतो. वास्तव जगात वास्तू ढासळते ती बहुधा आपण पाहत नसताना. 'माइनक्राफ्ट'मध्ये हानी व्हायची असेल तर त्यासाठीही खेळाडूची उपस्थिती लागते.

तांब्याचा अपवाद :

जून 2021 मधील आवृत्तीत या खेळात तांब्याचा ठोकळा आला आणि प्रथमच एक वास्तुद्रव्य वयाने बदलू लागले. नारिंगी तांबे चार अवस्थांतून जात हिरवट होते. कुऱ्हाडीने खरवडले असता ते एकेक अवस्था मागे येते. मधाच्या पोळ्याचे मेण लावल्यास आहे त्या अवस्थेत टिकते. वरकरणी हा डागडुजीचा प्रवेश वाटतो. परंतु हिरवे झालेले तांबे दुबळे होत नाही, गळत नाही, कोसळत नाही. बदलतो तो फक्त रंग. किंबहुना अनेक खेळाडू तो हिरवा रंगच मुद्दाम राखतात. येथे वार्धक्य आहे. पण ते अलंकारापुरते आहे.

दोन तुलना :

अन्य खेळांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये आलेल्या 'व्हॅलहाइम' या स्वीडिश खेळात छपराबाहेरचे लाकूड पावसाने खराब होते आणि त्याचे बळ निम्म्यावर येते. प्रत्येक तुळईला जमिनीपासूनचा आधार मोजावा लागतो. चुलीच्या धुराला वाट न ठेवल्यास घरातील माणूस गुदमरतो. त्यामुळे येथील खेळाडू आधी छपराचा विचार करतो. दुरुस्तीला साहित्य लागत नाही. फक्त हातोडी घेऊन फेरी मारावी लागते. म्हणजे हा खेळ खेळाडूकडून खर्च मागत नाही, लक्ष मागतो.

2018 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या 'रस्ट' या खेळात डागडुजी कराच्या रूपात येते. घरातील एका कपाटात लाकूड, दगड, लोखंड भरून ठेवावे लागते. ते सतत खर्च होते आणि संपले की घर ढासळू लागते. घर जितके मोठे, तितका हा कर अधिक. खेळाडू झोपलेला असतानाही काळ चालू राहतो आणि शत्रू येतो. परिणामी तेथील वास्तू बहुधा बंदिस्त, चौकोनी आणि भयग्रस्त दिसतात. देखभालीची सक्ती वाढली की कल्पनेचा विस्तार आखडतो, हे येथे मान्य करावे लागते. 'माइनक्राफ्ट'मध्ये शाळकरी मुलेही अवाढव्य मंदिरे आणि नगरे रचू शकतात, याचे श्रेय त्या न झिजणाऱ्या भिंतीलाच आहे. या खेळाची मर्यादा आणि त्याचे सामर्थ्य अशा प्रकारे एकाच नियमातून आले आहे.

माळवद आणि नहर :

हा प्रश्न आपल्या परिसरात केवळ सैद्धांतिक राहत नाही. मराठवाड्यातील जुन्या घरांचे माळवद हे रचना व डागडुजी यांच्या अभिन्नतेचे उदाहरण आहे. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर देणे, उगवलेले गवत उपटणे, पन्हळी मोकळ्या करणे ही कामे घर बांधण्याचाच वार्षिक भाग होती. घर एकदा बांधून संपत नसे. जमीन सारवणे, भिंती पोतारणे ही कामे तर बव्हंशी स्त्रियांच्या वाट्याची होती आणि त्यांची गणना बांधकामात कोणी केली नाही.

छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी हे दुसरे उदाहरण. 1610 मध्ये खडकी येथे नगर वसविणाऱ्या मलिक अंबरने डोंगराच्या कुशीतील भूजल भूमिगत बोगद्यांतून, केवळ उताराच्या बळावर, नगरात आणले. या मार्गावर ठिकठिकाणी उभी विवरे ठेवलेली होती. माणसाने आत उतरावे, गाळ काढावा, हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. म्हणजे ज्याने नहर रचली, त्याने ती साफ करणाऱ्या माणसासाठी वाटही रचली. पुढील काळात या नहरी अनेक ठिकाणी बुजल्या, फुटल्या, त्यांच्यावर बांधकामे झाली. मूळ रचनेत खोट होती म्हणून हे घडले नाही. त्या विवरांतून उतरणारे हात नाहीसे झाले म्हणून घडले. आज हे शहर पाण्यासाठी मुख्यतः दूरच्या जायकवाडीवर विसंबून आहे, हे लक्षात घेता या विस्मरणाची किंमत निराळी सांगावयास नको.

सामाईक जगातील एक अनुभव :

या विवेचनास प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका अनुभवाची जोड देणे उचित ठरेल. काही विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत 'माइनक्राफ्ट'च्या सामाईक जगात देवगिरी किल्ला उभारला. कातळात खोदलेला खंदक, अंधारी, चांदमिनार हे सारे त्यांनी प्रत्यक्ष किल्ल्यावर जाऊन, पाहून रचले होते. काम निःसंशय कौतुकास्पद होते. वर्गात सादरीकरण करताना महाद्वाराजवळच्या फलकावर बांधणाऱ्यांची नावे दिसली. गटातील एका विद्यार्थिनीचे नाव त्यात नव्हते. विचारणा केली असता मुलांनी सहजपणे सांगितले, "सर, तिने तसं काही बांधलं नाही." अधिक चौकशीत कळले ते असे : क्रीपरच्या स्फोटांनी तटाला पडलेली भगदाडे ती रोज बुजवीत असे. अंधाऱ्या जागी मशाली लावणे, पेट्यांतील साहित्य निवडून लावणे, जगाची प्रत दर आठवड्यास जतन करून ठेवणे ही कामेही तिचीच होती. एकदा चुकून बरेचसे काम पुसले गेले, तेव्हा किल्ला परत मिळाला तो तिने जपलेल्या प्रतीमुळे.

या प्रसंगात मुलांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांनी खेळाचे व्याकरण आणि समाजाचे व्याकरण या दोहोंचे पालनच केले होते. भगदाड बुजविल्यावर भिंत पूर्वीसारखी दिसते. कामाची खूण उरत नाही. खेळाच्या नियमांनी जी डागडुजी अदृश्य ठेवली, ती सामाईक जगात एका व्यक्तीच्या वाट्याला गेली आणि तिच्यासह ती व्यक्तीही अदृश्य झाली. एकट्याच्या जगात जी उणीव केवळ सौंदर्यविषयक वाटते, ती सामाईक जगात न्यायाचा प्रश्न बनते. पुढील सत्रात त्या विद्यार्थिनीचे नाव फलकावर आले. मात्र ते विचारावे लागले, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

एक आक्षेप :

हा शेवटी खेळ आहे, त्याच्याकडून वास्तवाची अपेक्षा का करावी, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याचे उत्तर असे की, खेळाने भूक, मृत्यू आणि हत्याराची झीज स्वीकारली आहे. म्हणजे वास्तवातील काय घ्यावे आणि काय गाळावे याची निवड त्याने केली आहे आणि निवड ही नेहमीच चिकित्सेचा विषय असते. शिवाय हा खेळ आता खेळापुरता उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन-हॅबिटॅट' या संस्थेने 2012 पासून मोजांगच्या सहकार्याने 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम चालविला असून, नैरोबीतील किबेरा वस्तीसह अनेक ठिकाणी रहिवाशांनी याच खेळात आपल्या सार्वजनिक जागांचे आराखडे मांडले. सामान्य नागरिकाला आराखड्याची भाषा देणारा हा प्रयोग स्वागतार्हच आहे. मात्र ज्या माध्यमात बाग सुकत नाही आणि दिवा विझत नाही, त्या माध्यमात आखलेल्या बागेला पाणी कोण घालणार, हा प्रश्न माध्यमाबाहेरून विचारावा लागेल.

समारोप :

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

1. 'माइनक्राफ्ट'मध्ये शरीर व हत्यार झिजतात, परंतु वास्तू सहसा झिजत नाही. निर्मिती ही एकदाच पूर्ण होणारी कृती आहे, अशी धारणा या नियमातून व्यक्त होते.

2. खेळाडूच्या अनुपस्थितीत काळ थांबत असल्याने येथे दुर्लक्षाला परिणाम नाही. तांब्याचा बदलता रंग हा या नियमाचा केवळ दृश्य अपवाद आहे.

3. डागडुजीची सक्ती हा या प्रश्नावरील एकमेव उपाय नाही. 'रस्ट'मध्ये ती भय निर्माण करते, तर 'व्हॅलहाइम'मध्ये ती वास्तूकडे लक्ष देण्यास शिकविते.

4. सामाईक जगात देखभालीचे श्रम नाहीसे होत नाहीत. ते कोणाच्या तरी वाट्याला येतात आणि बहुधा अनुल्लेखित राहतात.

अध्यापक म्हणून यातून आपणांस काही स्वीकारावे लागेल. विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना आपणही 'काय बांधले' एवढेच विचारतो; 'कोणी राखले' हे विचारीत नाही. आपल्या संस्थांतही उद्घाटनाच्या कोनशिला असतात, गळती काढणाऱ्याच्या नसतात. मुलांनी रचलेल्या त्या देवगिरीवर आजही सर्व मशाली पेटलेल्या आहेत. प्रत्यक्ष देवगिरीवर पावसाळ्यानंतर तटाच्या सांध्यांत रोपटी उगवतात आणि ती कोणाला तरी उपटावी लागतात. या दोन किल्ल्यांमधील अंतर विद्यार्थ्यांना दाखवून देणे, हे खेळाच्या चिकित्सेचे एक प्रयोजन ठरावे.