मागच्या सीटची आठवण

जुन्या वस्तूला आणखी जुने रूप देणे हा प्रकार तसा चमत्कारिकच. पण सध्या त्याची हौस तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. वीस-तीस वर्षांची बुलेट घ्यायची, तिचे अंग सोलायचे आणि ती जन्मण्यापूर्वीच्या काळाचा पोशाख तिला चढवायचा. हौसेला मोल नसते, हे खरे. तरी जेथे रूप घडवले जाते तेथे टीकाकाराने दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

हा पोशाख मूळचा कोठला? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या तरुणांनी मडगार्ड कापले, ते गाडी हलकी व्हावी म्हणून. लंडनच्या एस कॅफेपाशी जमणाऱ्या पोरांनी हँडल खाली आणले, ते वेगात वारा कमी लागावा म्हणून. पुढे १९६४ साली रॉयल एन्फील्डने त्याच घाटाची कॉन्टिनेन्टल जीटी कारखान्यातूनच काढली. त्या रूपामागे गरज होती. आमच्याकडे गरज मागे राहिली आणि रूप तेवढे आले. इंजिनातून निघणाऱ्या पाइपला पट्टी गुंडाळतात. शर्यतीच्या गाडीत ती उष्णता आत राखण्यासाठी असे. आमच्या पावसात ती पाणी धरून बसते आणि खालचा पाइप गंजतो. आखूड मडगार्डामुळे पाठीवर चिखलाची जी नक्षी उठते, ती वेगळीच!

कादंबरीकाराला हा दोष ओळखीचा आहे. पात्राच्या तोंडी चार वेळा ‘आम्हांस’ घातल्याने शिवकाल उभा राहत नाही. त्या माणसाची काळजीही त्या काळाची असावी लागते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी वडिलांची बुलेट अशी सजवून घेतली. कारागिराचा हात खरोखर कसबी. टाकीवरची सोनेरी रेघ हाताने ओढलेली. लोखंडी इंजिन आणि उजव्या पायाचा गिअर जसाच्या तसा. अॅमीटरही त्याने जपला होता. सुई मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबायची, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, मगच जोर लावायचा, हा सगळा विधी शाबूत होता. येथपर्यंत मी मनापासून दाद दिली.

पण सीट एकट्यापुरतीच! साडी गार्ड, मागचे फुटरेस्ट, कॅरिअर, सारे गेलेले. मी विचारले, “आई कुठे बसायची रे?” तो हसून म्हणाला, “सर, ही दोघांची गाडीच नाही.”

एकट्याची स्प्रिंगची सीट अगदी आरंभीच्या बुलेटला होती, हे मान्य. परंतु १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली आपली बुलेट लष्करातून आणि पोलिसांतून निघून संसारात शिरली. टाकीवर मूल, मागे एका अंगाला बसलेली बायको, हँडलला भाजीची पिशवी, हे तिचे आपल्याकडचे जुनेपण. वडिलांची आठवण म्हणून घडवलेल्या गाडीत वडिलांच्या संसाराला जागा उरू नये, ही मला तिची मोठी उणीव वाटते.

मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलेच आहे. पण कायद्याचा धाक नसता तरी मी हेच म्हटले असते. रेघा नव्याने ओढा, निकेल चकचकीत करा, इंजिनाचा तो संथ ठेका जपा. आणि लांब सीट तेवढी राहू द्या. यंदा भाऊबिजेला बहिणीकडे जायचे, तर परतताना तिला माहेरी आणायला ती लागेलच.